ती गेल्यानंतरची सही

माझी बायको वकील होती आणि मी तिचा टायपिस्ट. लग्नाआधीपासून. मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून टाइपरायटर घेऊन बसायचो. ती नवीन वकील, स्वतःचं ऑफिस नाही, अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे यायची आणि माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहायची. मला ते मुळीच आवडायचं नाही. "बाई, तुम्ही सावलीत बसा, झालं की हाक मारतो," मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही स्वल्पविराम खाता, म्हणून उभी आहे."

पुढे कोर्टाचं काम हळूहळू कॉम्प्युटरवर आलं. दावे, अर्ज, अपिलं सगळं घरून पाठवायचं, सुनावणीसुद्धा पडद्यावर. तिच्या गुडघ्यांना तोवर कोर्टाचे जिने झेपेनासे झाले होते, त्यामुळे तिला फार आनंद झाला. मला नाही झाला. मी म्हणालो, कागदावर शिक्का बसला की काम झाल्यासारखं वाटतं, इथे काय कळणार? ती म्हणाली, "तुला शिक्क्याचा आवाजच हवा असेल तर मी तोंडाने काढते." आणि पहिलं प्रकरण पडद्यावरून दाखल झालं तेव्हा तिने खरंच मागे उभं राहून मोठ्याने 'ठप्प' केलं.

मग मी शिकलो. कागद स्कॅन करणं, पानांना नंबर घालणं, अपलोड करणं, आक्षेप निघाला तर दुरुस्त करून परत पाठवणं. फक्त सही तिची. ती सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं एक डोंगल. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की कागदावर वकिलाचं नाव, तारीख आणि वेळ उमटते. नियम असा, की ते वकिलाने स्वतः करायचं. सुरुवातीला ती स्वतः करायची. मग चष्मा सापडायचा नाही, मग भाजी गॅसवर असायची, मग आतल्या खोलीतूनच ओरडायची, "दाब रे तूच!" सगळ्या वकिलांच्या ऑफिसात असंच चालायचं. डोंगल कारकुनाच्या खणात आणि पिन त्याच्या तोंडपाठ. कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

तिचं शेवटचं काम मावशींचं. मावशी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. शाळेच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे, गणवेश शिवायचं आणि उसवलेलं नीट करून द्यायचं. त्यांची बहीण बाळंतपणात गेली, तेव्हापासून बहिणीची मुलगी त्यांनीच वाढवली. पोरगी त्यांना मावशी म्हणते म्हणून आमच्याकडेही सगळे मावशीच म्हणायला लागले. इतकी वर्षं न फिरकलेल्या आजोबांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या वडिलांनी, अचानक ताबा मागितला आणि खालच्या कोर्टाने तो दिला. वरच्या कोर्टात अपील करायची मुदत संपेपर्यंत मुलगी मावशींकडे राहणार होती. मुदतीत अपील गेलं नाही तर मुलगी जाणार, इतकं ते सरळ होतं.

अपील तिने तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. तेव्हा ती घरीच होती, उशीला टेकून बसायची. सांगताना धाप लागायची, पण शब्द चुकायचा नाही. एके ठिकाणी मी सवयीने 'कृपा करून' टाइप केलं, तर म्हणाली, "काढ ते. आपण भीक मागत नाही, कारणं दाखवतोय." संपल्यावर सगळं पहिल्यापासून वाचून घेतलं. मी अपलोड केलं आणि ते आक्षेप निघून परत आलं. खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल नीट दिसत नाही, पुन्हा स्कॅन करून जोडा. अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं.

हॉस्पिटलमधून मी घरी यायचो, आंघोळ करायचो, तिचे धुतलेले कपडे पिशवीत भरायचो. कॉम्प्युटरची खोली वाटेतच. मी दारातून आत बघायचो आणि पुढे जायचो. वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण वेळ होता. त्या खोलीत तिची रिकामी खुर्ची होती आणि मला तिच्या शेजारी बसायचं नव्हतं. यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही.

एका दुपारी तिने विचारलं, "मावशींचं गेलं का रे?"

"गेलं," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी नीट झोपली. मला वाटलं, संध्याकाळी घरी जाऊन टाकतो, म्हणजे खोटं खरं होऊन जाईल. संध्याकाळी डॉक्टर आले, ऑक्सिजन वाढवला, आणि ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नंबर सांग. मावशींना कळवते. जीव टांगणीला लागला असेल त्यांचा."

"मी कळवतो ना. तू पड."

"माझं अशील आहे. मी कळवणार. सांग."

अपील दाखल झालं की नंबर मिळतो. दाखलच झालं नव्हतं तर नंबर कुठून आणणार? मी फोन काढला, जुने मेसेज उघडले आणि जो पहिला नंबर दिसला तो वाचला. एका इमारतीतल्या पाण्याच्या टाकीच्या भांडणाचा होता. ती बोटाने एकेक आकडा दाबत होती. "परत वाच," म्हणाली, "चुकायला नको." मी परत वाचला.

त्याच आठवड्यात ती गेली.

नंतर घरी माणसं होती, मग नव्हती. मी दूध आणायचो आणि ते नासायचं. अपील माझ्या डोक्यातून पार गेलं होतं असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण तसंच झालं होतं. एका सकाळी मावशींचा फोन आला.

"भाऊ, तुम्हाला आत्ता त्रास द्यायचा नव्हता हो. पण बाईंनी तो नंबर दिला होता ना, पोरीने मोबाइलवर टाकून बघितला. तर कुठल्यातरी पाण्याच्या टाकीचं येतंय. आमचं नावच नाही कुठे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाईंचं चुकलं असेल का? इतक्या आजारी होत्या. एखादा आकडा इकडचा तिकडे."

"हो," मी म्हणालो. "तसंच झालं असेल."

"त्यांना कशाला दोष द्यायचा! तशा अवस्थेत आमची आठवण ठेवली हेच खूप. मग बरोबर नंबर कुठला?"

"शोधून सांगतो."

"आणि ती मुदत हो? याच आठवड्यात संपते म्हणाल्या होत्या बाई."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिच्या हाताने केलेला गोल होता. आजच्या तारखेवर.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. तिची खुर्ची बाजूला सरकवली. नक्कल पुन्हा स्कॅन केली, आरशासारखी स्वच्छ आली. जोडली. डोंगल लावलं. पिन टाकला. हाताला सवय होती, हाताने केलं. पडद्यावर तिचं पूर्ण नाव आलं, शेजारी हिरवी खूण, सही वैध. खाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ. ती गेल्याचं कॉम्प्युटरला कोणी कळवलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत बसलो आणि एक क्षण मला चक्क बरं वाटलं, आपण दोघांनी मिळून काम हातावेगळं केल्यासारखं.

मावशींना खरा नंबर कळवला. त्या फोनवर रडायला लागल्या. "बघा, जाता जाता सगळं करून गेल्या बाई," म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. त्या सकाळचं ते दुसरं 'हो'.

आजोबांच्या बाजूने जो वकील होता त्याला माझी बायको 'तारीखराव' म्हणायची. कॉलेजपासूनचा तिचा मित्र. कुठलंही प्रकरण असो, उठून पुढची तारीख मागणार. ती गेली तेव्हा आमच्या घरी कोपऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला होता. त्याचा फोन आला.

"मी वकील म्हणून फोन करतोय की मित्र म्हणून, मलाच कळत नाहीये."

"मित्र म्हणून कर. वकील म्हणून केलास तर तारीख मागशील."

तो हसला नाही. "अपिलाची प्रत मिळाली. सहीखालची तारीख बघितली मी. त्या दिवशी ती कुठे होती रे?"

मी कॉम्प्युटरला तसंच राहिलेलं डोंगल काढून खणात ठेवलं.

"हे मला माझ्या अशिलाला सांगावं लागेल. आणि कोर्टालाही."

"सांग."

"अरे गाढवा!" तो एकदम ओरडला. "नुसता अर्ज टाकायचा होतास. वकील वारली, मुदत चुकली, विलंब माफ करावा. कुठलं कोर्ट नाही म्हणालं असतं? मी स्वतः उठून विरोध नाही म्हणून सांगितलं असतं. एवढी वर्षं टायपिंग करून हे माहीत नव्हतं तुला?"

माहीत होतं. विलंब माफीचे अर्ज मी इतके टाइप केलेत की झोपेत टाइप करीन. त्या सकाळी एकही आठवला नाही. आणि आठवला असता तरी त्यात 'वकील वारली' असं मला टाइप करावं लागलं असतं.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझ्या बायकोची एकेकाळची ज्युनियर, आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे. मावशींचं वकीलपत्र तिने न बोलावता घेतलं. म्हणाली, आपण नव्याने अपील दाखल करू, माझ्या सहीने, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज आणि मावशींचं प्रतिज्ञापत्र. आधीचं अपील कोर्ट काढून टाकेल तर टाकू दे. "टाइप तुम्हीच करा, काका. तुमच्याइतकं झटपट आमच्याकडे कोणी करत नाही."

मी तिच्या ऑफिसात बसून टाइप करायला लागलो. ती फेऱ्या मारत सांगत होती. "माझ्या वकील शेवटच्या दिवसांत आजारपणामुळे भ्रमात होत्या. त्या अवस्थेत त्यांनी मला चुकीचा क्रमांक कळवला. त्यामुळे अपील दाखल झालं आहे असा माझा समज झाला."

माझी बोटं थांबली.

"काका? फार वेगात सांगतेय का?"

"ते भ्रमाचं लागेल का?"

"तेच तर आपलं कारण आहे. त्याशिवाय मावशी इतके दिवस गप्प का बसल्या, ते कसं सांगणार? वाईट मलाही वाटतंय. पण पोरगी राहायला हवी ना?"

पोरगी राहायला हवी होती. मी टाइप केलं. मावशींनी येऊन सही केली, कागदावर, पेनाने, एकेक अक्षर दाबून. मग धाकटीने सवयीने स्वतःचं डोंगल माझ्यापुढे सरकवलं. "पिन सांगू?" मी म्हणालो, "नको, तूच दाब." तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतः केलं.

सुनावणी पडद्यावर होती. आम्ही धाकटीच्या ऑफिसातून, तारीखराव त्याच्या पुस्तकांच्या कपाटापुढून, मावशी दुकानातून, गळ्यात मापाची टेप तशीच. न्यायाधीश आवाज बंद ठेवून बराच वेळ बोलत होते. कोणाची सांगायची हिंमत होईना, सगळे माना हलवत राहिले. शेवटी कोर्टाच्या कारकुनाने मागून वाकून बटण दाबलं. "मघापासून बोलतोय तर तुम्हाला काय ऐकू येत होतं?" न्यायाधीशांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "साहेब, मुद्दा लक्षात आला होता." एवढंच हसू त्या दिवशी झालं.

मग तारीखराव बोलायला लागला. सहीचा मुद्दा त्याने लेखी दिलाच होता. "पण त्यापुढे जाऊन सांगतो, साहेब. अर्जदारांचं प्रतिज्ञापत्रच म्हणतं की वकील भ्रमात होत्या. भ्रमात असलेल्या वकिलाने हे अपील लिहिलं कसं? तिने लिहिलंच नसेल तर लिहिलं कोणी? आणि सांगितलेला क्रमांकही चुकीचा. जिला आकडे धड सांगता येत नव्हते तिच्या नावावर हे सगळं..." पुढे त्याचा आवाज उतरला. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता. पण बोलला. ते त्याचं कामच होतं.

आकडे धड सांगता येत नव्हते. ती दोनदा वाचून घेणारी बाई. आणि हे त्याला मीच टाइप करून दिलं होतं.

"सही करणारे गृहस्थ हजर आहेत का?" न्यायाधीशांनी विचारलं.

धाकटीने कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी उठून उभा राहिलो. कोर्टात उभंच राहायचं, एवढं मला माहीत.

"बसून बोला. तुमची फक्त शर्टाची बटणं दिसतायत."

मी बसलो. "सही मी केली," म्हणालो. "ती गेल्यानंतर. पण अपील तिचं आहे, शब्दन् शब्द. आणि ती भ्रमात नव्हती."

धाकटीने टेबलाखालून माझी बाही ओढली. तिचं बरोबर होतं. मी जे बोलणार होतो त्याने मावशींचं कारणच कोसळत होतं आणि त्याबरोबर पोरगी जाण्याचीही भीती होती. मला ते कळत होतं. पडद्याच्या चौकटीत मावशी टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता बोललो.

"मग चुकीचा क्रमांक कसा गेला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तो मी दिला. अपील टाकलं असं मी तिला सांगितलं होतं, आणि टाकलेलं नव्हतं. तिने नंबर मागितला. मी दुसऱ्याच कामाचा वाचून दाखवला. तिने परत वाचायला लावला, मी परत वाचला. तिने मावशींना जसाच्या तसा पाठवला."

"का सांगितलंत असं?"

"तिला झोप येत नव्हती."

तारीखरावाने आपला कॅमेरा बंद केला. त्याच्या चौकटीत काळोख आणि त्याचं नाव. एरवी न्यायाधीश लगेच टोकतात, कॅमेरा चालू ठेवा म्हणून. ते लिहीत राहिले.

मग त्यांनी धाकटीला विचारलं, "हे तुमच्या प्रतिज्ञापत्रात का नाही?"

"मला आत्ताच कळतंय, साहेब," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"अर्जदारांना हे माहीत होतं?"

"नव्हतं," मी मध्येच म्हणालो. "त्यांना मी सांगितलं की बाईंचं चुकलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि आदेश सांगायला सुरुवात केली. मृत वकिलाच्या सहीने आलेलं अपील रद्द. वकिलाच्या घरातूनच खोटी माहिती मिळाली, त्यात अर्जदार बाईंचा दोष नाही, म्हणून विलंब माफ आणि नवीन अपील दाखल. निकाल लागेपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील. प्रतिज्ञापत्रातलं भ्रमाचं वाक्य काढून टाकून नवीन द्यावं. सहीच्या प्रकाराची वेगळी चौकशी होईल, आणि ती होईपर्यंत मी कुठल्याही वकिलाचं दाखल करायचं काम करायचं नाही.

"समजलं?"

"हो," मी म्हणालो.

पडदा बंद झाला. मला हलकं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. चौकशी सहीची होणार होती. दुपारच्या वेळी पलंगाशेजारी बसून मी जे केलं त्याची चौकशी कोणीच करणार नव्हतं.

धाकटी बराच वेळ कागद जुळवत बसली. शेवटी म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं, काका? थोडक्यात वाचलो आज." तेवढ्यात मावशींचा फोन आला.

"भाऊ, पोरगी राहिली."

"हो, मावशी."

"ते नंबरचं ऐकलं मी. म्हणजे बाईंनी बरोबर पाठवला होता. तुम्ही सांगितलात तस्सा."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत सुटले हो. दुकानात येणाऱ्या बायकांना, शाळेतल्या बाईंना. की बिचाऱ्यांचं डोकं शेवटी जाग्यावर नव्हतं. कोर्टात लिहूनसुद्धा दिलं."

"ते मी टाइप केलं. तुमच्याकडे त्याचा दोष नाही."

"सही माझी आहे ना त्यावर?"

मागे दुकानात कोणीतरी कात्री मागत होतं. मावशींनी "थांब गं" म्हटलं.

"तुम्ही मला फोनवर म्हणालात, तसंच झालं असेल म्हणून. किती सहज म्हणालात हो. ज्या बाईने अंथरुणातून आमच्यासाठी धडपड केली तिच्याबद्दल. आज मला पोरीला घेऊन कुठेतरी फिरायला जायचं होतं. आता त्यातही मन नाही लागणार."

"चुकलं माझं, मावशी."

"ते मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "ठेवते आता. शाळेतल्या बाई येतील इतक्यात. त्यांना आधी सांगते."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. "रागावल्या का?"

"रागावल्या."

"जाईल राग. पोरगी घरी आहे, चार दिवसांत विसरतील."

तो राग जायला मला नको होता. माझ्या बायकोच्या बाजूने माझ्यावर रागावणारं आता तेवढंच एक माणूस होतं.